केस पुसायची टोपी

भूतखेत, पिशाच्च, अडकलेला आत्मा, यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही, हे आधी सांगून टाकतो. मग पुढचं ऐका. नाशकात जन्म गेला माझा. त्र्यंबकच्या रस्त्यावर रोज परगावच्या गाड्या पळतात. कोणाचा आजोबा अडकलाय, कोणाची चुलती अडकलीय, पूजा घाला आणि सोडवा. मी त्या गाड्यांना शिव्या घालत सातपूरच्या माझ्या ऑफिसात जातो, कारण मेले वाट्टेल तसे ओव्हरटेक करतात. एवढाच माझा आणि पितरांचा संबंध. पण अनसूयाबाईंच्या न्हाणीघरातली ती टोपी मी ह्या हातानं खुंटीवरून काढली होती, आणि ती कोमट होती. त्याचं मी काय करू, तुम्हीच सांगा.

माझं नाव ललित, धंदा क्लिअरिंग एजंटचा. परदेशातला माल कंटेनर डेपोत उतरतो, तो कस्टममधून सोडवून मालकाच्या ताब्यात द्यायचा. लोकांना वाटतं, यात शिक्के मारण्यापलीकडे काही नसतं. अहो, खरी मारामारी एकाच प्रश्नावर असते, ही वस्तू नक्की आहे काय? सरकारी पुस्तकात जगातल्या झाडून सगळ्या वस्तूंना प्रकरणं आणि आकडे दिलेत. वस्तू चुकीच्या प्रकरणात बसवली की शुल्क चुकतं, शुल्क चुकलं की नोटीस येते, आणि नोटीस आली की माझी बायको माझ्यापासून लांब बसून जेवते.

त्यातही सगळ्यात डोकं खाणारा माल म्हणजे अंगाला वापरायचा कापडी माल. लोखंडाचा नटबोल्ट आला तर तो बिचारा नटबोल्टच असतो. पण तोंड पुसायचा ओला रुमाल आला, तर तो कापड की साबण? टाचांना घालायचे जेलचे मोजे, ते मोजे की मलम? अंग घासायचा हातमोजा, तो हातमोजा धरायचा की घासणी? असला माल आला की मी तो अनसूयाबाईंच्या टेबलावर ठेवायचो आणि खाली चहाला निघून जायचो.

अनसूयाबाई नवरा गेल्यावर आमच्याकडे लागल्या. सासर त्र्यंबकचं, पूजा सांगणाऱ्यांचं घर. नवऱ्यानं ते सोडून नाशकात बँकेत नोकरी धरली होती, आणि ऐन चाळिशीत तो हार्टनं गेला. पदरात एक मुलगी, मृण्मयी, तेव्हा प्राथमिक शाळेत. बाई बी.कॉम. होत्या आणि तोंडाच्या फटकळ. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाल्या, "ललितभाऊ, ओरडायचं असेल तर कारण सांगून ओरडा, नाहीतर मीही ओरडेन." आणि खरंच ओरडल्या एकदा, सगळ्या ऑफिससमोर. तेव्हापासून आमचं बरं जमलं.

त्यांची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या ऑफिसात पाहिली नाही. नमुना आला की त्या तो एक रात्र घरी न्यायच्या. म्हणायच्या, "पुस्तक नंतर उघडू. आधी घरात ही कुठे जाऊन बसते ते बघते." कपाटात ठेवावीशी वाटली तर कपडा. न्हाणीघराच्या खुंटीला लावावीशी वाटली तर टॉवेलाची भावकी. औषधांच्या डब्याकडे हात गेला तर औषधांच्या प्रकरणात शोधायचं. मग सकाळी येऊन नियम लावायच्या, आणि नियमाचं आणि घराचं पटलं नाही तर नियमच धरायच्या. एकदा पायाला बांधायच्या पट्ट्यांच्या बाबतीत साफ चुकल्या होत्या, तेव्हा मी ते महिनाभर उगाळत बसलो होतो. घरी मायलेकी मिळून नमुने लावून बघायच्या, तोंडाला कसल्या कसल्या पट्ट्या चिकटवून आरशासमोर हसत बसायच्या. मृण्मयी कधी ऑफिसात आली की दारातूनच विचारायची, "काका, आज काय आणलंय आईला खेळायला?"

ती दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. रविवारची सकाळ, थंडी मी म्हणत होती. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती पोरगी. केस धुवायला न्हाणीघरात गेली, खिडकी घट्ट लावून घेतली, आत गॅसचा गिझर चालू. त्या गिझरचा वायू कोंडला की कळत नाही हो, वास नाही की काही नाही. माणूस गुंगतो आणि उठत नाही. बाई स्वयंपाकघरात पोहे करत होत्या. त्यांनी हाका मारल्या, दार वाजवलं, शेवटी शेजाऱ्यांनी दार तोडलं.

कमरेएवढे केस होते तिचे. शिकेकाई घरी उकळून धुवायची, आजकाल कोण करतं? दवाखान्यातून आणली तेव्हाही ते दमट होते, मग शेवटची आंघोळ घातली आणि पुन्हा ओले झाले. अनसूयाबाई टॉवेल घेऊन पुढे आल्या तर बायकांनी त्यांना धरलं. "राहू द्या हो आता. काय उपयोग त्याचा?" तशीच ओल्या केसांनी अमरधामला नेली तिला. मी खांदा दिला होता. पाणी माझ्या बाहीवर ठिबकत होतं आणि मला ते पुसायची हिंमत होत नव्हती.

तेराव्यानंतर बाई कामावर आल्या त्या डोक्यावरचे केस बोटभर ठेवून, सगळे कापून. कोणी काही विचारलं नाही. काम चोख करत होत्या, पण ओरडणं बंद झालं होतं. जेवताना घास हातात ठेवून मध्येच म्हणायच्या, "केस पुसायचे राहिले तिचे." घरी गवंडी बोलावून न्हाणीघराची खिडकी चौकटीसकट काढून टाकली होती. तिथे नुसतं भगदाड. त्याच्यासमोर, शेगडीवर तापवलेल्या पाण्यानं, कुडकुडत आंघोळ करायच्या.

एकदा त्यांचे दीर ढुंढिराजगुरुजी मला भेटायला ऑफिसात आले. त्र्यंबकला पूजा सांगतात. मी मनात म्हटलं, आलं झेंगट. पण माणूस वाईट नव्हता, पुतणीचं नाव घेताना त्यांचा आवाज फुटत होता. म्हणाले, "वहिनी माझं ऐकत नाहीत, तुम्ही सांगून बघा. लग्न न झालेली पोर, असं अवचित मरण. त्रिपिंडी श्राद्ध करून टाकू, मी स्वतः बसतो. अडकून पडली असेल हो ती." अनसूयाबाई आपल्या टेबलावरून ऐकत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अडकली असेल तर आईच्या घरात अडकलीय ना? परक्याच्या दारात तर नाही? मग राहू दे तिला." गुरुजी उपरणं सावरत उठले. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, खोटं कशाला बोलू.

आता हर्षालीचं सांगतो. नामपूरची मुलगी, बापाचा कांद्याचा व्यापार. नाशकात खोली घेऊन राहायची, ब्युटी पार्लरवाल्यांना सामान विकायची, आणि त्या वर्षी तिनं पहिल्यांदाच बाहेरून माल मागवायचं ठरवलं. केस पुसायच्या टोप्या. न्हाल्यावर ओले केस आत गुंडाळायचे, मागचा पट्टा पुढे ओढायचा, बटणाला अडकवायचा, झालं. आतलं कापड असं की पाणी ओढून घेतं. बाप बहिरूशेठ फोनवर मला म्हणाला होता, "माल सुटला तर ती दुकान टाकंल. नाय सुटला तर आम्ही मांडव टाकू. पोरगं बघून ठेवलंय." हर्षाली मला रोज विचारायची, "सर, सुटंल ना हो?" मी म्हणायचो, "सुटेल गं बाई, जीव नको खाऊस."

प्रश्न नेहमीचाच, ही टोपी की टॉवेल? डोक्यावर घालतात म्हणून टोप्यांचं पासष्टावं प्रकरण, की पुसायला वापरतात म्हणून टॉवेलांचं त्रेसष्टावं? माल यायच्या आधी हर्षालीला कुरियरनं एक नग आला होता, तो तिनं आम्हाला दिला. अनसूयाबाई रीतीप्रमाणे तो घरी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती टोपी माझ्यापुढे ठेवली. "हात लावा."

ओली होती. मी म्हटलं, "धुतली का?"

"नाही. खुंटीला लावली होती. सकाळी उठून बघते तर ओली."

"अहो, खिडकीच्या जागी भगदाड पाडून ठेवलंय तुम्ही. दव आलं असेल आत."

"वास घ्या," त्या म्हणाल्या. "शिकेकाईचा येतोय."

मी नाही घेतला वास. कामं पडलीत, म्हणून उठून गेलो.

त्या दिवसापासून टोपी रोज संध्याकाळी त्यांच्या पिशवीतून घरी आणि सकाळी परत ऑफिसात. आणि बाई बदलल्या हो. डबा पुरा खायला लागल्या. इस्त्रीची साडी नेसून यायला लागल्या. एका पावतीवरून माझ्याशी कडाकडा भांडल्या, आणि मी मूर्खासारखा खूश झालो की चला, बाई माणसांत आल्या. नमुना घरी नेऊन इतके दिवस काय बघताय, असं मी एकदाही विचारलं नाही. मला उत्तर नको होतं.

मग एका सकाळी सही हवी होती म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. इंदिरानगरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. दार उघडलं, डोक्यावरचे ते बोटभर केस कोरडे ठाक. मला बघून त्यांना आनंदच झाला. "बरं झालं आलात, ललितभाऊ. बघा तरी एकदा." आणि हाताला धरून नेतात तसं मला न्हाणीघरापाशी नेलं.

फरशी कोरडी. बादली पालथी घातलेली, कोरडी. भगदाडातून थंड वारा आत येत होता. खुंटीला टोपी. मी ती काढली आणि ती पाण्यानं जड होती, आणि कोमट, आत्ता कुणाच्या डोक्यावरून काढल्यासारखी. आतल्या कापडाला एक केस चिकटला होता. मी तो ओढला तर येतच राहिला, येतच राहिला, माझ्या कोपरापर्यंत लांब. शिकेकाईचा वास इतका दाटला की मला मृण्मयी समोर दिसायला लागली. मी टोपी घाईघाईनं खुंटीला लावायला गेलो तर ती खाली पडली.

"पाडू नका हो," अनसूयाबाई म्हणाल्या. रागावून नाही, लहान मुलाला उचलताना बोलतात तसं. त्यांनी ती झटकली, पिळली नाही, पुन्हा लावली. "पुसते ती. रोज पुसते. आता केस कोरडे होतात तिचे." मग त्यांनी चहा केला. मी तो अर्धा ठेवला, सही घेतली आणि निघालो.

गाडीत बसल्यावर मी स्वतःला खूप झापलं. ललित, बाईच झोपेत उठून टोपी भिजवत असतील. पोरीचा जुना कंगवा जपून ठेवला असेल, केस त्यातला असेल. शिकेकाई घरात असेल. असेल की! दुःखानं माणूस काय काय करतं, त्यात काय एवढं? सगळं पटलं मला. फक्त ती कोमट का होती ते पटेना, आणि अजून पटलेलं नाही.

तेवढ्यात माल डेपोत उतरला. आम्ही कागद त्रेसष्टाव्या प्रकरणात भरले, टॉवेल म्हणून. कस्टमच्या अधीक्षकसाहेबांनी शंका काढली की ही टोपी आहे. सुनावणीची तारीख दिली, पेटीतून एक नमुना काढला, त्याच्या पाकिटावर सही केली आणि पाकीट आमच्या ताब्यात दिलं, सुनावणीला घेऊन या म्हणून. त्याच आठवड्यात कापडाच्या धाग्याची तपासणी करायची म्हणून मी कुरियरनं आलेला जुना नग प्रयोगशाळेत पाठवला. तिथे तपासायचं म्हणजे कापूनच तपासतात.

"कापली?" अनसूयाबाईंनी विचारलं. चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघायला लागलो.

दुपारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "ते पाकीट द्या मला. एक रात्र. सुनावणीला मीच घेऊन येईन."

"डोकं ठिकाणावर आहे का? साहेबांच्या सहीचा नमुना आहे तो. त्याला बोट लावायचं नाही."

"ती वाट बघत असेल हो. खुंटी रिकामी आहे."

"मग घरातला टॉवेल लावा!"

"लावला. टॉवेलाला नाही येत. टॉवेल तर ती गेली त्या दिवशीही होता तिथे."

"माल सुटू द्या, हर्षालीकडून पेटीभर टोप्या मागून देतो."

"तोवर ओल्या केसांनी राहील ती?"

आणि मग माझं डोकं सटकलं. धंद्याचा परवाना माझा, मालाची जबाबदारी माझी, आणि ही बाई मला मेलेल्या पोरीच्या केसांचं सांगतेय. मी सगळ्या ऑफिसच्या कानावर जाईल एवढ्यानं ओरडलो, "मेलीय ती, अनसूयाबाई!"

त्या उलट ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता पदर खोचला आणि जागेवर जाऊन बसल्या. मी पाकीट कपाटात ठेवून कुलूप घातलं. किल्ली रोज देवाच्या फोटोमागे असते, तिथेच ठेवली. आमच्या ऑफिसात ती किल्ली माहीत नसलेला फक्त देवच असेल.

सुनावणीला आम्ही तिघं गेलो, मी, बाई आणि हर्षाली. पाकीट बाईंच्या पर्समध्ये होतं. कपाट उघडून सकाळी त्यांनीच आणलं, असं मी समजलो. हर्षालीनं नवा ड्रेस घातला होता आणि ओढणीची टोकं पिळून पिळून दोरी केली होती.

अधीक्षकसाहेब विदर्भाकडचे, शांत माणूस. म्हणाले, "बाई, डोक्यावर घालतात त्याला मी टोपी म्हणतो. तुम्ही टॉवेल कसं म्हणता?"

अनसूयाबाई म्हणाल्या, "साहेब, टोपी डोकं झाकायला असते. ही घालून कोणी बाहेर जात नाही, उन्हापासून नाही की थंडीपासून नाही. कोरड्या केसांवर ही कोणी चढवणार नाही. हिचं काम ओल्या केसांतलं पाणी काढणं, एवढंच. केस कोरडे झाले की हिला पुन्हा खुंटीवर जायचं."

साहेबांनी मान डोलावली. पटलं होतं त्यांना, मला चेहऱ्यावरून कळतं. जिंकलो, असं मी मनात म्हणतोय तोवर त्यांनी पाकीट उचललं. प्लास्टिकला आतून पाण्याचे थेंब धरले होते.

साहेबांनी टोपी बाहेर काढली. "ओली आहे ही." आतला लांबलचक काळा केस बोटावर घेतला. मग त्यांची नजर हर्षालीकडे गेली. "काय हो, वापरलेला माल आणलात का?"

हर्षाली पांढरीफटक पडली. "नाही हो सर! नवीनच मागवलाय, आईशप्पथ!"

वापरलेल्या कापडी मालाचं कलम वेगळं असतं. त्याला सरकारचा वेगळा परवाना लागतो, तो हर्षालीकडे कुठला असणार? म्हणजे माल डेपोतच थांबणार. साहेबांनी शांतपणे विचारलं, "नमुना कोणाकडे होता?"

"माझ्याकडे," अनसूयाबाई म्हणाल्या.

"मग सरळ सांगा. केस तिकडूनच आला असेल तर मला सगळ्या पेट्या फोडाव्या लागतील आणि माल अडकेल. इथे कोणी वापरली असेल तर तशी नोंद करतो, विषय संपला. कोणी वापरली?"

मी डोळ्यांनी खुणावत होतो, मी म्हणा, मी वापरली म्हणा. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"माझ्या मुलीनं," त्या म्हणाल्या.

काय सांगू तुम्हाला, कशा म्हणाल्या ते. शाळेत पहिल्या आलेल्या पोरीबद्दल आई शेजारणीला सांगते, तशा. मला रडू आलं असतं.

साहेबांनी सुस्कारा सोडला. "अहो, मग आधीच सांगायचं. बोलवा तिला. दोन ओळींचा जबाब घेतो, सही घेतो. नाशकातच असते ना?"

मी तोंड उघडलं, "साहेब, त्या जरा..." साहेबांनी हातानं मला थांबवलं. "तुम्ही नाही. त्यांना बोलू द्या."

हर्षालीला तर काहीच माहीत नव्हतं. तिला फक्त दिसत होतं की कोणी एक ताई येऊन सही करणार आणि आपला माल सुटणार. ती बाईंच्या खुर्चीपाशी वाकली. "मावशी, बोलवा ना हो ताईंना. फोन करा ना. मी रिक्षा पाठवते त्यांना. माल नाही सुटला तर आमचे आबा मला गावाला घेऊन जातील हो परत." आणि ती ओठ आवळून रडायला लागली. अनसूयाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. तिच्या तेल लावून घट्ट घातलेल्या वेणीवरून त्यांनी एकदा हात फिरवला.

मग साहेबांना म्हणाल्या, "खोडा ते. मुलीनं नाही वापरली. मी वापरली."

"आत्ता तर मुलगी म्हणालात."

"चुकून म्हणाले."

"म्हणजे मुलगी इथे नसते?"

"मला मुलगी नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. "घरात मी एकटीच असते. दुसरं कोणी येत नाही."

 साहेबांनी त्यांच्या डोक्यावरच्या बोटभर केसांकडे बघितलं, मग आपल्या बोटावरच्या केसाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. माणूस चांगला होता. स्वतःच म्हणाले, "जुन्या कंगव्यातला असेल."

"हो. तसंच असेल."

त्यांनी लिहून घेतलं, बाईंची सही घेतली, आणि नमुने घरी नेण्यावरून मला चार शब्द सुनावले. ते मी मुकाट्यानं ऐकून घेतले. माल त्रेसष्टाव्या प्रकरणात टॉवेल म्हणून सुटला. बाहेर आल्यावर हर्षाली बाईंच्या पाया पडली आणि मग रस्त्यातच बापाला फोन लावून नाचायला लागली. बाई गाडीत पुढे बसल्या, पर्स मांडीवर घेऊन. 

हर्षालीचं दुकान झालं. कॉलेज रोडला आहे, छोटंसं, पण चालतं. तिनं पहिल्याच आठवड्यात बाईंना टोप्यांची पेटी आणून दिली, सगळ्या रंगांच्या. बाईंनी त्यातली आकाशी रंगाची निवडली. मृण्मयीला तो रंग आवडायचा, मला आठवतंय.

मी काही विचारत नव्हतो. पण सकाळी त्या आल्या की माझं लक्ष आधी त्यांच्या चेहऱ्याकडे जायचं. डबा पुन्हा अर्धा परत जायला लागला होता. माझ्या चुका त्या गुपचूप दुरुस्त करून द्यायच्या, एका शब्दानं भांडायच्या नाहीत. एक दिवस मलाच राहवलं नाही. म्हटलं, "अनसूयाबाई, ती टोपी?"

"कोरडी," त्या म्हणाल्या.

"येईल हो. रुसली असेल. दोन दिवस रुसतील, मग येतील, पोरीच त्या."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "घरात म्हटलं असतं ना, की मला मुलगी नाही, तर भांडली असती ती माझ्याशी. भांडून मिटलं असतं आमचं. मी चारचौघांत म्हटलं, ललितभाऊ. परक्या माणसानं ते लिहून घेतलं आणि मी त्याखाली सही केली."

"अहो, त्या हर्षालीसाठी केलंत. मृण्मयीला काय कळत नाही का तेवढं?"

"कळतं ना," अनसूयाबाई म्हणाल्या. "तिला वाटलं असेल, आईला आता आपण नको आहोत. शहाणी होती हो माझी पोर. नको म्हटलेल्या घरी ती कधी जायची नाही."